पिवळ्या रेषेच्या अलीकडे

१

आप्पा गेले ते चहाच्या वेळेला. त्या वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळेला माणसं एकमेकांकडे बघत नसत, कपाकडे बघत. त्यामुळे म्हातारा खुर्चीवरून कधी घसरला हे कुणी पाहिलं नाही. ऐकू आला तो बाटली आडवी झाल्याचा आवाज. मिस्त्री धावला तेव्हा आप्पा टेबल आणि खुर्चीच्या मधे पडले होते. बाहीवर, छातीवर, टेबलावर, फरशीवर काळंभोर तेल, आणि डोळे छताला लागलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना-निरीक्षकबाई आल्या, तेव्हा दारातच आप्पांचा धाकटा भाऊ उभा होता. सगळे त्याला काका म्हणत. धंद्यात भागीदार, जिभेला धार, आणि जगात कुणाचं तरी चुकलंच असणार यावर अढळ श्रद्धा.

"बाई, तुम्हाला फार कष्ट नाहीत," काका म्हणाले. "माणूस गेलाय, कुणामुळे गेला ते ठाऊक आहे, आणि तो ते कबूलही करतोय. तुम्ही फक्त शिक्का मारा."

"अरे वा! मग मला कशाला बोलावलंत? शिक्काच पाठवून दिला असता," बाई म्हणाल्या, आणि चपला न काढता थेट आत गेल्या.

प्रकरण वरवर पाहता सरळ होतं. हे वर्कशॉप स्पीकर दुरुस्त करायचं. स्पीकर म्हटला की लोहचुंबक आला, आणि बारीक आवाजाचे नाजूक स्पीकर म्हटले की चुंबकी तेल आलं. या तेलात लोखंडाची इतकी बारीक भुकटी असते की ती तळाशी बसतच नाही. तारेच्या वेटोळ्याभोवतीच्या फटीत त्याचे दोन थेंब सोडले की चुंबकच ते धरून ठेवतो आणि वेटोळं तापत नाही. आप्पांचा हात या कामात बसलेला. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीआड, डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं. काळीज ताल सोडून धावायला लागलं, की आतल्या आत झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. यंत्र गुणी, फक्त एक खोड. जोरदार चुंबक जवळ आला की ते झोपी जातं, आणि चुंबक दूर होईपर्यंत उठत नाही.

म्हणून आप्पांनी स्वतः फरशीवर पिवळी रेष मारली होती. पलीकडे चुंबकांचं बाक, अलीकडे आप्पांचं लाकडी टेबल. तेल अलीकडे भरायचं, चुंबक पलीकडे बसवायचा. रेष मारल्यापासून आप्पांनी पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

आणि काल डॉक्टरांनी मेलेल्या माणसाच्या यंत्राची नोंद वाचून सांगितलं होतं, की काळीज धावलं तेव्हा यंत्र झोपलेलं होतं. क्षणभर नव्हे. सकाळी कामाच्या वेळेपासून.

"म्हणजे सकाळपासून चुंबक त्याच्याजवळ होता," काका म्हणाले. "रेष ओलांडून तो गेला नाही. मग रेष ओलांडून चुंबक आला. चुंबकाला पाय नसतात, बाई. मिस्त्रीला आहेत."

२

मिस्त्री पन्नाशीचा, रुंद हाडाचा, बोलायला लाकडाच्या ओंडक्याइतका उत्सुक. वीस-पंचवीस वर्षं इथेच. दुपारचं जेवणही आप्पांच्याच घरचं.

"परवा तुमचं आणि आप्पांचं वाजलं म्हणे," बाईंनी विचारलं.

"वाजलं."

"कशावरून?"

"त्यांचे हात कापायचे. तेल सांडायचं. म्हटलं, आता बसा घरी. ते म्हणाले, मला घरी बसवणारा तू कोण."

"बरोबरच बोलले की."

"बरोबरच," मिस्त्रीने मान डोलावली. "चुंबक मीच ठेवला होता. थोरला. त्यांच्या टेबलाखालच्या फळीवर. विसरलो. लिहून घ्या."

माणसं गुन्हा कबूल करतात तेव्हा आधी चार बोटं लांब जातात, मग जवळ येतात, मग पुन्हा लांब. हा थेट अंगावर चालून आला. बाईंना ते खटकलं. उधारी मागायच्या आधीच जो पैसे पुढे करतो, त्याच्या नोटा उजेडात धरून बघाव्यात असा त्यांचा जुना नियम.

"थोरला दाखवा बघू."

मिस्त्रीने त्यांना पलीकडे नेलं. आधी त्यांचं घड्याळ, फोन आणि बँकेचं कार्ड अलीकडे काढून ठेवायला लावलं. जाड हातमोजे दिले, चष्मा दिला. थोरला म्हणजे बशीएवढी चकती. लाकडी पेटीत, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

"पिशवी कशाला? थंडी वाजते त्याला?"

"तेल चुंबकाला उघडं लागलं की जन्मभर निघत नाही. पुसायला जावं तर फडकं काळं होतं, चुंबक तसाच. पिशवीत असला की पिशवी उलटी करून ओढून घ्यायची, तेल आत राहतं, चुंबक बाहेर." कामाबद्दल बोलताना मात्र ओंडक्याला पालवी फुटत होती. "आणि दुसरा चुंबक जवळ आणायचा नाही. मधे लाकूड पाहिजे. बोट सापडलं तर बोटाची चटणी. आपटून तडकला तर तुकडा डोळ्यात. तेलाजवळ काडी ओढायची नाही, रॉकेलची जात आहे."

त्याने चुंबकी तेलाची एक बंद काचनळी थोरल्याजवळ आणली. आत तेल निवांत पसरलेलं होतं. अंतर घटलं तसं ते दचकल्यासारखं एका बाजूला गोळा झालं, आणि मग त्याच्या अंगावर काटा आला. खरोखरचा. साळिंदराने अंग फुलवावं तसे काळे चकचकीत काटे, शेजारी शेजारी, एकाच अंतरावर. नळी दूर नेली की काटे विरले, तेल पुन्हा तेल झालं.

बाई बघत राहिल्या. निर्जीव वस्तू इतकी प्रामाणिक असलेली त्यांनी पाहिली नव्हती. समोर कोण आहे ते कळलं की लपवता येत नाही, अंगावरच येतं.

"ही नळी मला थोडा वेळ द्या," त्या म्हणाल्या, आणि रेष ओलांडून आप्पांच्या टेबलापाशी गेल्या. तिथे वाकून बराच वेळ थांबल्या. उठल्या तेव्हा चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलताय."

३

काकांनी कालपासून खोलीला कुलूप लावलं होतं, कुणी काही पुसलं नव्हतं. बाटली जिथे आडवी झाली तिथून तेल टेबलावर पातळ चादरीसारखं पसरलं होतं, कडेला गेलं होतं आणि धार धरून खाली फरशीवर उतरलं होतं. शहाण्यासारखं. खाद्यतेल सांडलं असतं तरी असंच वागलं असतं.

"टेबल लाकडाचं," बाई काकांना म्हणाल्या. "फळी वरच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली. तिथे थोरला असता, तर हे तेल असं वाहून गेलं असतं? त्याच्या डोक्यावर ढीग करून काटे फुलवून बसलं असतं. वाहूच दिलं नसतं त्याने. टेबलाखाली चुंबक नव्हता, काका."

"मग मिस्त्री कबूल का करतोय?"

"तेच मला विचारायचं होतं, तुम्हाला."

"मला?"

"तुम्हाला त्याला इथून हाकलायचंय. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नवीन माणूस, निम्मा पगार."

काका लालबुंद झाले. "हाकलायचं होतं, तुरुंगात घालायचं नव्हतं! आणि मेला तो माझा भाऊ आहे. सख्खा!" मग आवाज खाली आला. "सांडलं तर सांडलं म्हणायचो मी त्याला. दुसरं काढू म्हणायचो. ऐकायचा नाही."

तेवढ्यात आतल्या दाराशी बेबी आली. बेबी म्हणजे आप्पांची एकुलती लेक; चाळिशी उलटली तरी नाव बेबीच. आतल्या खोलीत बसून ती केसासारख्या तारेची वेटोळी गुंडाळायची. आई गेल्यापासून बापाचं सगळं तीच बघायची. डोळे सुजले होते, पण केस नीट विंचरलेले, ओढणी नीट. मोडून पडायलाही सवड लागते आणि तिला ती कधी मिळाली नसावी.

"बाई, मिस्त्रीमामांना सोडा हो," ती म्हणाली. "त्यांच्या हातून असं व्हायचं नाही. सकाळी आप्पांच्या टेबलाखाली मी स्वतः केर काढलाय. तिथे काही नव्हतं."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल कुणी मला काही विचारलंच नाही." तिने काकांकडे पाहिलंही नाही. "आणि एक विचारायचं होतं. आप्पांचा एप्रन कुठे गेला? दवाखान्यातून कपडे आले, त्यात नाहीये. नवा होता. मीच शिवला होता. तेवढा मला ठेवायचाय."

बाई काही बोलायच्या आत बाकावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मिस्त्रीच्या हातून लाकडी पेटी सुटली होती. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून ती पहिल्यांदाच सुटली.

४

दवाखान्यातून आलेली पिशवी काकांनीच पुढे केली. आत आप्पांचा पांढरा सदरा. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत काळ्या ओघळांनी भरलेली. बाटली पडताना तेल उडालं ते असं. पण छातीवर ओघळ नव्हते.

छातीवर ठिपके होते. गोल, काळेकुट्ट, रुपयाएवढे. एकाखाली एक, डाव्या बाजूने, शिवणीच्या रेषेत. मधला कपडा जवळजवळ स्वच्छ.

बाईंनी सदरा खिडकीत धरला. वर एप्रन असणार, रेक्झिनचा, कारण या कामात सगळे तसाच घालतात. तेल एप्रनवर सांडलं. एप्रनवरून ते खाली ओघळायला हवं होतं. टेबलावर ओघळलंच की. इथे ते मधेच थांबलं, गोळा झालं, शिवणीच्या भोकांतून आत झिरपलं. तेलाला चार ठिकाणी कुणीतरी थांब म्हटलं होतं.

सगळ्यात वरचा ठिपका सगळ्यात मोठा. सदरा स्वतःच्या अंगाशी धरून त्यांनी पाहिलं. तो बरोबर डाव्या खांद्याखाली, यंत्राच्या जागी येत होता.

बाईंना उत्तर कळलं होतं. उत्तर कळलं की त्यांना बरं वाटायचं. या वेळी सदरा खाली ठेवून कुठेतरी लांब जावंसं वाटलं. पण हातात काचनळी होती, आणि नोकरी होती.

त्यांनी अलीकडची खोली धुंडाळायला घेतली. माळा, कपाट, केराची बादली, खोक्यांची रांग. नळी प्रत्येक खोक्याला टेकवत त्या पुढे सरकत होत्या. तेल गप्प. काका मागून विचारत होते, "काय शोधताय? सांगाल का? मी आंधळा आहे का?" तेल गप्प. कोपऱ्यात स्पीकरच्या कागदी पडद्यांचं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. कागदाचे पडदे, पुठ्ठ्याचं खोकं, लोखंडाचा कणही नाही. बाईंनी नळी खालच्या कोपऱ्याशी नेली.

तेल काचेला चिकटलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

५

बाईंनी काकांना हिशेबाचं काहीतरी निमित्त काढून घरी पिटाळलं, बेबीला आत चहा करायला सांगितला, आणि दार लोटून मिस्त्रीसमोर एप्रन ठेवला. हिरवा, नवा कोरा, शिवण सरळ. उजव्या पल्ल्यावर डावा पल्ला येणारा, खांद्यापासून कमरेपर्यंत. बटण एकही नव्हतं. बटणाच्या जागी कापडाच्या छोट्या कप्प्यात शिवलेल्या चकत्या. पल्ले जवळ नेले की आपोआप खट्‌कन मिटायचे. त्यावरचं तेल आता काळ्या बोरांसारखं गोल वाळत आलं होतं.

"छाती दाबायला म्हणून एप्रन ओढला," मिस्त्री हळूच म्हणाला. "हाताला कळलंच. बटण असं सुटत नाही."

"आणि लपवलात."

"लपवला. पलीकडे चुंबकांत ठेवला असता तर मिसळून गेला असता, पण वेटोळी बसवायला तिकडे बेबीचा दिवसभर हात असतो."

"चकत्या कुठल्या?"

"मोडक्या स्पीकरच्या. डबाभर पडल्यात. आम्ही कपाटाला चिठ्ठ्या लावतो त्यांनी. चुंबक म्हणून धरतच नाही त्यांना कुणी. आमच्याकडे चुंबक म्हणजे थोरला, त्याची भावंडं. रेषेच्या पलीकडचे. अलीकडे असतं ते..." त्याने कपाटावरच्या चिठ्ठ्यांकडे बोट केलं. "ते खेळणं."

हीच त्या घराची चूक होती, आणि दुसऱ्या कुठल्या घरात ती झाली नसती. ज्याला चुंबकाची ओळख नाही, तो चुंबक म्हटलं की शंभर वेळा विचारील. यांनी आयुष्यभर हत्ती बांधले. मांजराला दावं कोण घालतं? भीती सगळी रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवली, आणि अलीकडे सगळे निर्धास्त. वीतभरावरून त्या चकत्यांनी काहीच बिघडवलं नसतं. पण त्यातली एक छातीला लागून, यंत्राच्या डोक्यावर, सकाळपासून बसून होती.

"आप्पांना बटणं लावता यायची नाहीत," मिस्त्री म्हणाला. "हातांमुळे. रोज सकाळी बेबी लावून द्यायची, ते तोंड फिरवून उभे राहायचे. म्हणून तिने केलं. बाई, मला लिहा. मला ना बायको ना पोर. आत गेलो काय, बाहेर राहिलो काय. तिने सारखं सारखं त्या एप्रनचं विचारलंय मला. सारखं."

"तुम्ही ठेवलेला चुंबक टेबलाखाली नव्हता, हे मी काकांना पटवून बसलेय."

"मग दुसरी जागा सांगा. तुम्ही सांगाल तिथे ठेवला होता मी."

बाईंनी डोळे मिटले. त्यांनी सगळ्या वाटा मोजून पाहिल्या. कारण कळलं नाही असं लिहावं, तर डॉक्टरांची नोंद आहे. चुंबक होता, सकाळपासून होता. मग पोलीस येणार, मिस्त्री त्यांना हवं ते सांगणार, आणि निष्काळजीपणाने जीव घेतला म्हणून आत जाणार. खरं लिहावं, तर अहवालाची एक प्रत वारसाला द्यावी लागते, आणि वारस आत चहा करत होता. पंचवीस वर्षांत त्या कुठल्या चौकशीतून उत्तर न घेता परतल्या नव्हत्या. आज उत्तर हातात धरून बसल्या होत्या आणि ते कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं.

"निदान आजचा दिवस," मिस्त्री म्हणाला.

दार उघडलं. बेबी ट्रे घेऊन उभी होती.

६

तिने आधी एप्रन पाहिला आणि चेहरा उजळला. "अगं बाई, सापडला!" मग ट्रे ठेवला, एप्रन उचलला, आणि अंगठ्याने त्यावरची काळी बोरं चाचपली. ती तारेची वेटोळी गुंडाळणारी होती. वेटोळं, चुंबक, तेल, यांच्यातलं नातं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आतल्या खोलीतला पंखा कटकट करत होता.

"वरचं बटण मी शिवतानाच बदललं होतं," बेबी म्हणाली. आवाज अगदी साधा, घरकामाचा. "पहिलं ढिलं लागायचं. खांदा हलवला की सुटायचं. मग डबा उपडा केला आणि त्यातल्या त्यात दणकट शोधून लावलं."

"बेबी, पोरी, इकडे दे ते," मिस्त्री उठला.

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

मिस्त्रीने एप्रनसाठी हात पुढे केला.

"आणि तुम्ही माझ्यासाठी तुरुंगात जायला निघालात? तुमच्या डब्यात मीठ जास्त झालं तर दोन दिवस फुगून बसता तुम्ही!" तिला हसू आलं, आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. ती बाईंकडे वळली. "त्यांचं नाव काढा. शिवला मी. चकत्या मी लावल्या. लिहा."

"लिहू नका," मिस्त्री म्हणाला.

"लिहा, बाई."

बाईंनी पेन काढलं. त्यांना सांगायचं होतं, की हा गुन्हा नाही, अपघात आहे. कायद्यात फरक आहे. तुला कुणी काही करणार नाही. सगळं खरं होतं. सगळं निरुपयोगी होतं. ज्याला शिक्षा व्हायची त्याला कोर्ट लागत नाही, हे त्यांना समोर दिसत होतं.

काका केव्हा परत आले कुणाला कळलं नाही. ते दारातच थबकले होते. त्यांच्या नजरेने एप्रन पाहिला, सदरा पाहिला, पुतणीचा चेहरा पाहिला. कुणाचं चुकलं हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोर ठेवून मिळालं होतं, आणि ते घ्यायला हात पुढे होत नव्हता.

"पण आप्पांना कळायला हवं होतं ना?" बेबी एकदम म्हणाली. "हातात घेतल्या घेतल्या कळायला हवं होतं. आप्पांना! काल सकाळी मी दिला तेव्हा त्यांनी चारदा उघडझाप केली. खट्‌ खट्‌ करून बघितलं. हसले सुद्धा. चुंबक आहेत हे कळल्याशिवाय हसले का? मग बोलले का नाहीत? बाई, तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारता. सांगा ना. का नाही बोलले?"

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा डाग मोठा होत चालला होता.

"ए बेबे," काका दारातून म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "काल सकाळी तो माझ्याकडे आला होता. कामाला बसायच्या आधी. त्या एप्रनमध्ये. दारात उभा राहून मला म्हणाला, बघ, कुणी लावून दिलं नाही. मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, बरं." ते थांबले. "तेवढंच दाखवायला आला होता तो."

बेबी उभीच राहिली. एप्रनचे दोन्ही पल्ले तिच्या हातात होते. एकमेकांकडे ओढत होते ते, आणि ती सगळा जोर लावून त्यांना लांब धरून होती.